मदत हवी आहे: रुब्रिकमुळे (निकषवार गुणतक्त्यामुळे) आम्हा दोघी शिक्षिकांचे गुण जुळले, पण चांगला निबंध मागे पडला

तापीकाठ

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. जरा सविस्तर लिहितेय, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते थोडक्यात सांगता येत नाहीये.

दहावीच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि त्यातली शेवटची कृती ८ गुणांची: प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. नववीलाही आम्ही तोच सराव घेतो. व्याकरणाचे गुण देताना आमचं कधी दुमत होत नाही. भांडण होतं ते या ८ गुणांवर. गेल्या वर्षी सहामाहीला दुसऱ्या तुकडीच्या बाई रजेवर गेल्या म्हणून त्यांचा उरलेला गठ्ठा माझ्याकडे आला. त्यातल्या एका निबंधावर त्यांनी मागच्या पानावर पेन्सिलीने गुण टाकून ठेवले होते, ते मला तपासून झाल्यावर दिसले. माझे ६, त्यांचे ३. बाई २० वर्षं शिकवतायत, मनापासून तपासतात. आम्ही दोघी वेगवेगळं काही शोधत होतो, एवढंच. त्या मुलाने विचारलं, "बाई, मग मी सुधारू काय?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून दोघींनी बसून रुब्रिक तयार केलं. चार निकष, प्रत्येकी २ गुण: विषयाची मांडणी, रचना (सुरुवात-मध्य-शेवट), भाषा (म्हणी, वाक्प्रचार, सुविचारांचा वापर) आणि शुद्धलेखन. तक्ता वर्गात लावला, लिहायच्या आधी समजावून सांगितला. यंदाच्या पहिल्या चाचणीला १० निबंध दोघींनी वेगवेगळे तपासले, कुठेही एका गुणापेक्षा जास्त फरक आला नाही. खूप बरं वाटलं.

मग 'विहिरीचे आत्मवृत्त' आलं. बहुतेकांनी गाइडमधली सुरुवात केली: "दचकलात ना? अहो, मीच बोलतेय!" पुढे दोन म्हणी, 'जल हेच जीवन', शेवटी संदेश. एका मुलाने मात्र लिहिलं की रात्री दोनला लाइट येते तेव्हा मला जाग येते, बाप बॅटरी घेऊन काठावर उभा असतो, मोटार हवा ओढायला लागली की तो आत वाकून बघतो आणि काही न बोलता बटण बंद करतो. मी ते तीनदा वाचलं. पण सुरुवात ठरलेली नाही, शेवट अचानक, म्हण एकही नाही, ह्रस्व-दीर्घाच्या पंधरा चुका, संवादात 'मना' (माझा), 'आठे' (इथे) असे अहिराणी शब्द. तक्त्याप्रमाणे मांडणी २, रचना १, भाषा १, शुद्धलेखन ०. एकूण ४. गाइडवाल्या निबंधाला मांडणी १ आणि बाकी सगळीकडे २, म्हणजे ७.

दुसऱ्या बाईंनीही स्वतंत्रपणे ४ आणि ७च दिले. म्हणजे आमचं एकमत झालं, पण ज्या गुणांवर झालं ते आम्हा दोघींनाही पटत नाहीत. मागच्या वेळचं दुमत परवडलं असं वाटायला लागलंय.

तक्ता फेकून द्यायचा नाहीये. मुलं आता "बाई, रचनेत एक का गेला?" असं नेमकं विचारतात, ते मला गमवायचं नाही. पण निकष कसे बदलू? आणि घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या शुद्धलेखनाचं काय करू? दोन तुकड्या मिळून १२४ वह्या आहेत, तेवढा वेळ लक्षात घेऊन सांगा.

जुनी वही

ताई, तुमची तक्रार रुब्रिकबद्दल नाही, तिसऱ्या रकान्याबद्दल आहे. 'म्हणी, वाक्प्रचारांचा वापर' हे मोजायला सोपं म्हणून आपण सगळेच लिहितो. मुलं हुशार असतात, जे मोजलं जातं तेच आणून देतात. तुम्ही म्हणी मागितल्यात, त्यांनी दिल्या.

मी डी.एड.च्या मुलांना शिकवायचो तेव्हा उलटीकडून सुरुवात करायचो. रकाने आधी ठरवायचे नाहीत. जुने आठ-दहा निबंध घ्यायचे, नावं झाकायची, गुण न देता तीन ढीग करायचे: मनात राहिला, ठीक, कच्चा. मग दुसऱ्या शिक्षकाने तेच करायचं. जिथे दोघांचे ढीग जुळतात ते निबंध पुढे ठेवून विचारायचं, हा याच ढिगात का? जे उत्तर येईल ते त्याच शब्दांत लिहायचं. 'उत्तम', 'समाधानकारक' हे शब्द तक्त्यात नकोतच, त्यांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. 'वाचताना जागा आणि माणसं दिसतात', 'गोष्टी सांगितल्या आहेत पण कुठल्याही विहिरीला लागू पडतील' असं लिहा. नववीच्या पोराला ते लगेच कळतं.

आणि चारही निकषांना सारखे गुण कशाला? आशय ४, रचना २, भाषा-शुद्धलेखन मिळून २ असं करून बघा. तुमच्या विहिरीला आशयात ४, रचनेत १, भाषेत १, म्हणजे ६ होतात. गाइडवाल्याला २, २, २, तेही ६. अजून समाधान होणार नाही, पण निदान ४ आणि ७ राहत नाहीत.

सातपुडा_पायथा

शुद्धलेखनापुरतं लिहितो, कारण माझ्या वर्गात पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलं आहेत.

पंधरा चुकांपैकी वेगवेगळ्या किती, ते मोजा. एखादा मुलगा 'विहीर' आणि 'विहिरीत' यांतला फरक चुकत असेल तर तो एकच नियम त्याला येत नाही, पण निबंधात तो शब्द दहादा येतो. मी एक नियम एकदाच मोजतो. असं मोजलं की पंधराच्या चार-पाच होतात आणि काय शिकवायचं तेही हाती लागतं.

बोलीचे शब्द मी चूक धरतच नाही, जर ते पात्राच्या तोंडी असतील. बाप अहिराणीत बोलतो तर निबंधातही बोलणारच. निवेदनात आले तर खाली रेघ मारून बाजूला प्रमाण रूप लिहितो, गुण कापत नाही, पण पुढच्या निबंधात ते रूप आलंय का बघतो. हे वर्गात आधी सांगून टाका. न सांगता सूट दिली तर दुसऱ्या मुलावर अन्याय होतो.

प्रश्नचिन्ह

एक काळजी मांडते. मी बोर्डाचे पेपर तपासते. तिथे दिवसाचा गठ्ठा असतो, वर आमची तपासणी पुन्हा बघणारे मॉडरेटर असतात, आणि परीक्षकाला मुलगा कोण, कुठला हे माहीत नसतं. तुमच्या वर्गात बोलीला मिळालेली मोकळीक तिथे मिळेलच असं नाही. मुलाला दोन्ही कळायला हवं. मी दहावीच्या सरावात शुद्धलेखनाचे गुण वेगळे लिहिते, आशयात मिसळत नाही. म्हणजे त्याला दिसतं की लिहितोस छान, गुण जातायत ते इथे.

वेळेबद्दल: १२४ वह्यांवर शेरे लिहू नका. तक्त्याची छोटी चिठ्ठी वहीत चिकटवा आणि लागू वाक्याखाली रेघ मारा. शेरा फक्त एका ओळीचा.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघींनी बारा निबंधांचे ढीग केले. नऊ जुळले. विहीर दोघींच्याही 'मनात राहिला' ढिगात, गाइडवाला 'ठीक'मध्ये. बाई म्हणाल्या, "मला तेव्हाही आवडला होता, पण तक्त्यात लिहायला जागाच नव्हती."

जुनी वही सर, तुमच्या हिशेबात दोघांना ६-६ येतात ते मला अजून खटकतंय. म्हणून 'भाषा'मधून म्हणी काढल्या आणि 'स्वतःचे, नेमके शब्द' घातलं. आता गाइडवाल्याला तिथे १ मिळतो, म्हणजे ५. विहिरीला त्या नेमक्या शब्दांचे २ द्यावेत असं मन म्हणतं, पण शुद्धलेखन त्याच रकान्यात असल्यामुळे मी १वरच थांबले. प्रश्नचिन्ह ताईंचं ऐकून दहावीला हे दोन वेगळे करणार आहे, प्रत्येकी १.

त्या मुलाला गुण बदलून द्यायचे का, हा प्रश्न उरलाय. तक्ता आधी जाहीर केला होता, त्यामुळे त्याच्या तुकडीतल्या बाकीच्या ६१ जणांचेही बदलावे लागतील. शनिवारी वर्गात नाव न सांगता दोन्ही निबंध वाचून दाखवणार आहे आणि कुठला कुठल्या ढिगात ते मुलांनाच ठरवू देणार आहे. असं कुणी आधी केलं असेल, विशेषतः गुण जाहीर झाल्यावर, तर शनिवारच्या आत कळवा.