कोडाईकनालच्या शोला जंगलातला पारा: माती साफ का नाही करत?

रानवेडी:
मागच्या महिन्यात कोडाईकनालला गेलेले. पांबर शोलाच्या (शोला म्हणजे डोंगरघळींतलं दाट सदाहरित जंगल) कडेने चालताना गाईडने उताराच्या वर बोट दाखवलं, म्हणे तिथे थर्मामीटरची फॅक्टरी होती आणि तिचा पारा ह्या जंगलाच्या मातीत उतरलाय. पायाखाली एवढा पालापाचोळा की पाऊल घोट्यापर्यंत आत जायचं, सगळीकडे शेवाळ, ओल, बघून कुणाला शंकासुद्धा येणार नाही. फॅक्टरी बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली ना, मग पारा अजून तिथेच कसा? आणि माती उचलून साफ का नाही करत?

मातीवाला:
पारा मूलद्रव्य आहे हो, तो कुजून संपत नाही. साध्या हवेतही त्याची वाफ होते, ती पानं ओढून घेतात, पान गळलं की खाली येतो आणि ह्युमसला, म्हणजे कुजलेल्या पाल्याच्या काळ्या थराला, चिकटून बसतो, म्हणजे तुम्ही ज्या पालापाचोळ्यावरून चाललात तोच त्याला धरून ठेवतो. पाणथळ जागेत बॅक्टेरिया त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, हे पाऱ्याचं सगळ्यात विषारी रूप, माशांतून ते खाणाऱ्यांपर्यंत वर चढत जातं.
फॅक्टरी पॉन्ड्सची, १९८० च्या दशकातली, मशिनरी अमेरिकेतल्या वॉटरटाउनहून आलेली. पुढे ती हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. मार्च २००१ मधे गावातल्या भंगाराच्या दुकानात पारा लागलेली फुटकी काच सापडली, लोक रस्त्यावर आले आणि फॅक्टरी बंद पडली. २००३ मधे २९० टन कचरा अमेरिकेला परत पाठवला, पण मातीत मुरलेला कसा पाठवणार? त्याच वर्षी दगडफुलांवरचा, आपण मसाल्यात घालतो तसल्याच, एक अभ्यास आला, त्यात फॅक्टरीजवळच्या दगडफुलांत पारा भरपूर सापडलेला.

वऱ्हाडी_माणूस:
नीरीने, म्हणजे आमच्या नागपूरच्याच पर्यावरण संशोधन संस्थेने, ह्या साफसफाईचा अभ्यास केलाय. माती खणायची, धुवायची, जास्त खराब असेल ती भट्टीत तापवून वाफ पकडायची. साफ केलेल्या मातीत किलोमागे २० मिलीग्रामपर्यंत पारा राहिला तरी चालेल अशी मर्यादा ठरली, आणि जंगलाला लागून एवढा पारा चालणार नाही म्हणून लोकांनी आक्षेप घेतला, तो मला पटतो. फॅक्टरीच्या आवारात खणा, अजून कडक मर्यादा लावून खणा. पण शोलात नको! धुतलेल्या मातीत ना बुरशी उरते ना बी, झाडं पाडावी लागतात आणि तसल्या उतारावर पहिल्याच पावसात उरलेली माती पाऱ्यासकट खाली नदीत जाईल. त्यापेक्षा ओढ्यांवर गाळ अडवा, दरवर्षी पाणी आणि मासे तपासा.

घाटवाट:
झाडांचं पटलं, पण "हात लावू नका" हे वाक्य कंपनीच्या फार सोयीचं आहे, विसरू नका. पाऱ्याने तब्येत बिघडल्याची तक्रार करणाऱ्या फॅक्टरीच्या कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ उजाडलं, ५९१ जण होते. शाळेत माझ्या हातून थर्मामीटर फुटलेला, पारा फरशीवर मोत्यांसारखा पळाला, मी बोटाने गोळा करत बसले आणि बाईंच्या सोन्याच्या अंगठीला लागला तर ती पांढरी पडली. ती माणसं तर रोज त्यातच होती. तपासणी करायचीच तर खर्च कंपनीचा आणि आकडे गावाच्या चावडीवर लावा, तमिळमधे.

रानवेडी:
घाटवाट, अगदी खरं. माझ्या बुटांच्या खाचांत अजून तिथली काळी माती आहे, बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत झटकणार होते. आता तशीच पिशवीत बांधून ठेवलीये.