मदत हवी आहे: जुळ्यांच्या अकाली प्रसूतीचा खर्च-फायदा, गणित कुठे चुकतंय?

धागाकर्ता: जुळं असताना पेसरी (गर्भाशयमुखाला आधार देणारी कडी) बसवून अकाली प्रसूती टाळणं खर्चाच्या मानाने परवडतं का, याचं मॉडेल एक्सेलमध्ये करतोय. २०० माता, निम्म्यांना पेसरी. प्रत्येक बाळाची एक ओळ, म्हणजे ४०० ओळी. निष्पत्ती, म्हणजे मोजायचा परिणाम, '३७ आठवड्यांआधी प्रसूती'. फायदा शून्याजवळ, खर्चातला फरक उणे आणि आयसीईआर (खर्चातला फरक ÷ फायद्यातला फरक) भलामोठा उणे आकडा! तो वाचायचा कसा? विश्वासांतरही (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) संशय यावा इतकं अरुंद आलंय.

सांख्यिक: उणे आयसीईआर वाचूच नका. फायदा जास्त नि खर्च कमी असला तरी उणे येतो, फायदा कमी नि खर्च जास्त असला तरी उणेच. त्याऐवजी निव्वळ लाभ काढा: (एका एकक फायद्यासाठी मोजायची तयारी × फायद्यातला फरक) − खर्चातला फरक. भाजक शून्याजवळ गेल्यामुळे होणारा गोंधळ तिथे उरत नाही.

अरुंद अंतराचं कारण तुमच्या ४०० ओळींत आहे. एकाच पोटातली बाळं स्वतंत्र नमुने नसतात. बाळांच्या आजारपणातला सहसंबंध ०.६ धरला तर भागायचा आकडा १ + ०.६ = १.६, म्हणजे ४०० ओळींची किंमत २५० ची. प्रसूतीचा आठवडा तर दोघांचा बहुधा एकच, तिथे ४०० म्हणजे सरळ २००. बूटस्ट्रॅप (हाताशी असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने उचलणं) करताना बाळ नव्हे, आई उचला. तिची दोन्ही बाळं सोबत येऊ द्या. आणि पेसरीचा खर्च दोन्ही ओळींत लिहिला नाही ना, तेवढं बघा. ही चूक फार होते.

प्रसूतिशास्त्र: निष्पत्ती बदला. एकाच वारेवरच्या, पण वेगळ्या पिशव्यांतल्या, गुंतागुंत नसलेल्या जुळ्यांची प्रसूती ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेच्या शिफारशीनुसार ३६ व्या आठवड्यात ठरवून करतात. ती तुमच्या व्याख्येत आपोआप 'अकाली' मोजली जाते, पेसरी त्यात काय करणार? आपोआप सुरू झालेल्या कळा आणि ३२ किंवा ३४ आठवड्यांची रेषा घ्या. एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाचा) मोठा खर्चही त्या रेषेआधी जन्मलेल्या बाळांवरच होतो.

दुसरं, सगळ्या जुळ्यांना पेसरी घालून उत्तर मिळत नाही. नेदरलँड्सच्या प्रोट्विन चाचणीत (२०१३) बाळांची वाईट निष्पत्ती पेसरीच्या गटात १३ आणि विनापेसरी गटात १४ टक्के मातांत होती, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. गर्भाशयमुख ३८ मिमीपेक्षा आखूड असलेल्या गटात मात्र १२ विरुद्ध २९. यातून एक वाईट निष्पत्ती टाळायला ६ पेसरी लागतात. पण आखूड मुखाच्या माता चारांत एक, म्हणून योनिमार्गे सोनोग्राफी २४ जणींची करावी लागते. खर्च २४ सोनोग्राफींचा धरा, ६ चा नाही.

तरी या आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नका. स्टॉपिट-२ मध्ये (२०२१) ३५ मिमी किंवा कमी मुखाच्या ५०३ माता होत्या, तिथे पेसरीचा फायदा दिसला नाही. संवेदनशीलता विश्लेषणात (गृहीतं बदलून उत्तर किती हलतं ते बघताना) पेसरीचा परिणाम शून्य धरून एक फेरी चालवाच.

धागाकर्ता: आभार! पेसरीऐवजी योनिमार्गे प्रोजेस्टेरॉनचा पर्याय जोडावा का?

प्रसूतिशास्त्र: सरसकट सगळ्यांसाठी नको. इव्हेंट्स चाचणीत (२०२१) रोज ६०० मिग्रॅ देऊनही ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. मुख २५ मिमी किंवा कमी असेल तर मात्र एकत्रित विश्लेषणात ३३ आठवड्यांआधीची प्रसूती सुमारे ४३ वरून ३१ टक्क्यांवर आलेली दिसते, त्यामुळे तो स्वतंत्र गट करून जोडा. पूर्ण विश्रांतीचा पर्याय वगळा. फायदा दिसलेला नाही आणि शिरांत गुठळीचा धोका वाढतो.

सांख्यिक: एक राहिलं. पोटातच दगावलेल्या बाळाचा एनआयसीयू खर्च शून्य. ज्या गटात मृत्यू जास्त, तो त्यामुळे स्वस्त दिसतो. म्हणून मृत्यू निष्पत्तीत धराच, आणि खर्चाची सरासरी वापरा, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) नाही. थोड्या बाळांचे फार लांबलेले मुक्काम एकूण खर्चाचा मोठा वाटा खातात, मध्यकात ते दिसतच नाहीत.