गावच्या घराले पेंट का चुना?

प्रवीण (पुणे): दादा, रविवारी घर पाहाले लोक येऊन राहिले ना? समोरच्या भिंतीले प्लास्टिक पेंटचे दोन हात मारून घ्या. पैसे मी पाठवतो.

दादा: पैसे ठेव तुह्याजवळ. मागच्या दिवाळीच्या पेंटाचा फोटो टाकला, पाय. गुडघ्याएवढा लोणा चढला. नख लावलं का पापुद्रा हातात येते अन मांगून पांढरं पीठ गळते.

आत्या: दर्यापूरकडचं कोणतं घर सुटलं रे याच्यातून? खारपाण पट्टा हाय बाप्पा, जमीन-पाणी सारं खारं.

दादा: तेच तर. खालून ओल चढते, पाणी उडून जाते अन मीठ भिंतीतच राह्यते. तेच पेंटाले बाहेर ढकलते. चुन्यातून ओल निघून तरी जाते. मी कोरड्या ब्रशनं मीठ झाडतो, पाणी लावतच नाही, मंग चुना. घेणारा इथलाच हाय. गुडघ्याखाली नवाकोरा पेंट दिसला का पहिले तेच टोकरून पाहीन.

वहिनी: रंगाचं राहू द्या. कापसाची खोली काढली आज. कोपऱ्यात कवडीचं, म्हंजे किडक्या कापसाचं, पोतं निघालं अन उंदराच्या लेंड्याच लेंड्या. तोंडाले फडकं बांधलं तरी अंगाले खाज सुटली. खिडक्या सताड उघड्या हायत, वास जाईना.

आत्या: लिंबाचा पाला जाळ.

वहिनी: मंग धुराचा वास येईन आत्याबाई 😄 लेंड्या ओल्या करून उचलल्या, उद्या फरशी घासतो.

काका: ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, नमुना ८ वर, अजून बाबांचंच नाव हाय म्हणते. वारसाची नोंद पाहा पहिले.

दादा: अर्ज देला काका. घरपट्टीबी भरली.

प्रवीण: त्याच खोलीत बाबांचा हिशोब आहे ना? कोळशानं लिहिलेला?

दादा: अर्धा लोणा खाऊन गेला. वेचाईवाल्या बायांची नावं दिसतात, समोर किलो. एका नावापुढं ‘२ किलो जास्त देले’ अन खाली दोन रेघा.

प्रवीण: तेवढी भिंत सोडून मारा ना चुना.

दादा: घेणाऱ्याले काय सांगू?

आत्या: इचारलं तर सांग, आमच्या भावाचं अक्षर हाय.

दादा: बरं. चुनकळी आणली, रात्री भिजवतो. पोट्ट्यांना अंगणात येऊ देऊ नका, उकळून उडते.

वहिनी: टिनाच्या पिप्यात भिजवा. मागच्या खेपी वितळलेली बादली माही होती.