अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष विल्सनने बायकांच्या मताधिकाराला पाठिंबा नक्की का दिला? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारसाठी पहिलं महायुद्ध आणि अमेरिकेतला बायकांचा मताधिकार असा विषय घेतलाय आणि एका जागी पार अडकलेय. एप्रिल १९१७ मधे विल्सन जगात लोकशाही सुरक्षित करायची म्हणून युद्धात उतरतो, आणि इकडे जानेवारीपासून त्याच्याच व्हाइट हाउसच्या गेटवर बायका बॅनर घेऊन गपचूप उभ्या, त्यांना पकडून जेलमधे टाकलं, अ‍ॅलिस पॉलने (त्यांची पुढारी) उपोषण केलं तर तिला नळीने जबरदस्ती अन्न घातलं (वाचताना अंगावर काटा आला). बॅनरवर तर चक्क ‘कैसर विल्सन’ (कैसर म्हणजे शत्रू जर्मनीचा सम्राट) लिहिलेलं, कसली डेरिंग!

मग सप्टेंबर १९१८ मधे हाच माणूस सिनेटसमोर जाऊन म्हणतो की युद्ध जिंकायला बायकांना मत देणं गरजेचं आहे. तरी दोन-तृतीयांश बहुमताला दोन मतं कमी पडून ठराव पडला, बायकांना मत देणारी राज्यघटनेतली १९वी दुरुस्ती लागू व्हायला १९२० उजाडलं.

माझा प्रश्न हा की हे परराष्ट्र धोरणातली लाज झाकायला होतं का १९१७ मधे न्यूयॉर्क राज्यात बायकांना मत मिळालं म्हणून मतांचं गणित? मला दुसरं जास्त पटतं पण सर म्हणतात पहिलं. कुणी यावर वाचलंय का? गुरुवारी सेमिनार आहे हो, प्लीज.