अनुभव धागा: गावाकडचे आईबाबा, त्यांची देखभाल अन् आपली तारांबळ

पळसपान: पोळ्याला आर्णीकडे गेले होते. शेजारच्या काकांच्या ओसरीत दवाखान्यातल्यासारखी लोखंडी खाट दिसली, बाजूला लघवीची पिशवी टांगलेली. आमची आजी आठवली. तिच्या वेळी सून नाहीतर लेक, तिसरं कोणी नव्हतं. आता १२ तासांची मावशी, २४ तासांची, नर्स, फिजिओ, विरंगुळा केंद्र, वृद्धाश्रम असं काय काय ऐकते. पण तालुक्याच्याही आत राहणाऱ्यांना यातलं खरंच काय मिळतं? लिहा जमेल तसं.

मोहफूल: २४ तासवाली विसरा बाप्पा. शहरातून एक आली होती, संध्याकाळी लाइन गेली अन् सकाळच्या पहिल्या एसटीनं ती गेली. मंग गावातल्याच एका वहिनीले ठेवलं. मायचं इतकं प्रेमानं करे का विचारू नका. पण कापूस फुटला का तिचा पाय घरात ठरत नाई. वेचाईची मजुरी किलोवर, हात चालला तं आमच्यापेक्षा जास्त भेटते. तिले काय बोलाचं? दिवाळी ते संक्रांत मी अन् भाऊ आळीपाळीनं.

खारीक: आमच्याकडे तर वेचायलाच बाया नाहीत. औंदा भाव काय राहील?

मोहफूल: भावाचा धागा वेगळा काढ रे.

वर्धेकरीण: ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. आंघोळ, खाणंपिणं, कूस बदलणं, चालवणं हे मावशीचं काम. लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी टाकणं, खोल जखमेचं ड्रेसिंग हे नर्सचं. "आमची मावशी सगळंच करते" असं एजन्सी म्हणाली तर सरळ नाही म्हणा. अन् एअरबेड (हवेची गादी) घेतला म्हणजे कूस बदलायची सुट्टी नव्हे! दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पाठ, माकडहाड, टाचा रोज बघा. लाल दिसलं की थांबू नका.

पांदणरस्ता: अमरावती, नागपूरकडे वृद्धाश्रमांची चौकशी केली होती बाबांसाठी. चालताफिरता माणूस घेतात. अर्धांगवायू म्हटलं की फोनवरचा आवाजच बदलतो. विचारताना "जागा आहे का" नंतर विचारा. आधी हे विचारा की उद्या अंथरुणाला खिळले तर ठेवाल का, रात्री कोण असतं, दवाखान्यात कोण नेईल. मोफत ठिकाणी बहुतेक निराधारांनाच घेतात. आम्ही शेवटी घरीच ठेवलं.

गावरान_आंबा: वृद्धाश्रमात टाकलं तर गावात लोक काय म्हणतील?

पांदणरस्ता: लोक डायपर बदलायला येतात का?

तुरीचं_वरण: ७० वरचं आयुष्मान कार्ड काढलं आईचं. त्यात बाई ठेवता येते का घरी?

वर्धेकरीण: नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत, तेही भरती झाल्यावर, यादीतल्याच दवाखान्यात. उत्पन्नाची अट नाही, म्हणून काढून ठेवा. घरची देखभाल आपल्याच खिशातून.

तुरीचं_वरण: श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० येतात. डायपरमध्येच जातात.

कडुनिंब: मामाजी (सासरे) रात्री दोनला उठून बैलं सोडायला निघतात. बैलं विकून किती वर्षं झाली. बाहेरून कडी लावायला जीव होत नाही, अन् अंगणात विहीर आहे. भाचीच्या लग्नापुरतं आठ दिवस कोणी सांभाळतं का? मी दोन वर्षांत माहेरी नीट झोपले नाही हो.

पळसपान: ताई 🙏 विहिरीवर जाळी बसवा आधी, आजच. अन् १४५६७ लावून बघा, ज्येष्ठांसाठी टोल फ्री आहे, सकाळी ८ ते रात्री ८. तुमच्या जिल्ह्यात असं थोड्या दिवसांचं कोण ठेवतं ते विचारा.

मोहफूल: काहून, नणंद नाई का?

कडुनिंब: आहे की. रोज सकाळी "मायबाप हेच दैवत" पाठवते. दोन गुलाबांसकट.

गावरान_आंबा: 😂😂

सातबारा: विषय निघालाच आहे तर. शेत पोराच्या नावानं करताना बक्षीसपत्रातच "सांभाळ करीन" ही अट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळलं नाही तर ते रद्द करायला अर्ज करता येतो. अट लिहिलेली नसली तर भांडण लांबतं. पोटगीचा अर्जही उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो, वकील लागत नाही. आमच्या गावात एका म्हाताऱ्यानं नुसता अर्ज लिहून घेतला, तर पोरगा दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन हजर.

खारीक: मास्तरांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला कसा करावा? बोटाचे ठसेच उमटत नाहीत.

वर्धेकरीण: मोबाइलवर चेहरा दाखवून होतो आता. नातवाला सांगा.

पांदणरस्ता: बाबांची कमोड खुर्ची पडून आहे, चांगली आहे. कोणाला पाहिजे? दिग्रसला आहे.

तुरीचं_वरण: मला! एसटीनं पाठवता येईल का? तिकीट काढीन.

मोहफूल: खुर्ची ७५ च्या वर असंल तं फुकट हाय.

पांदणरस्ता: हाहा. आधार कार्ड नाही तिचं. ताई, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, शुक्रवारी पुतण्या पुसदला जातो आहे, त्याच्याजवळ देतो.