गॅस ग्रिल तापतच नाहीये, शनिवारी पंधरा माणसं जेवायला आहेत

डॅलसकर:
मंडळी, मदत करा. तीन बर्नरचं प्रोपेन ग्रिल आहे, मागच्या उन्हाळ्यात झाकण लावलं की पंधरा मिनिटांत ५०० फॅरनहाइट गाठायचं, आता अर्धा तास झाला तरी काटा २५० च्या पुढे सरकत नाही. काल पनीर टिक्का लावला तर भाजायच्या ऐवजी पाणी सुटून नुसता शिजला, आणि कणसांवर एक काळा डाग पडेल तर शपथ. टाकी परवाच बदलून आणलीय, नॉब सगळे हायवर. रेग्युलेटर गेला असेल का?

मिशिगनवाला:
टाकी भरलेली मिळाली का ते आधी बघ. टाकीच्या वरच्या कड्यावर, म्हणजे कॉलरवर, टीडब्ल्यूच्या पुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, टाकी वजनकाट्यावर ठेवून तेवढं वजा कर, उरेल तो गॅस.

जर्सीची_मावशी:
अरे, नवा रेग्युलेटर आणायची घाई करू नकोस. टाकी बदलल्यावरच सुरू झालं ना, गोम तिथेच आहे. पाइप फाटला तर गॅस भसाभस बाहेर येऊ नये म्हणून रेग्युलेटरमध्ये सेफ्टी असते, बर्नरचा नॉब चालू असताना टाकी उघडली किंवा टाकी एका झटक्यात उघडली की तिला वाटतं लीक आहे आणि ती गॅस अगदी थोडाच सोडते. तर टाकी बंद कर, रेग्युलेटर काढ, झाकण उघडून सगळे नॉब मिनिटभर चालू ठेव, पेटवायचं नाही, मग बंद. रेग्युलेटर परत हातानेच आवळ, पाना लावू नकोस, टाकी अगदी हळूहळू उघड, जरा थांब आणि मग झाकण उघडं ठेवूनच पेटव. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघ, हे मात्र चुकवू नकोस बाबा.

ह्यूस्टनकर:
मावशींचं बरोबर आहे, पण ज्योत पिवळी असेल तर बर्नरच्या नळीत कोळी शिरलाय का बघा. माझ्याकडे नळीच्या तोंडाशी कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं जाळं निघालं होतं. बाटली धुवायच्या ब्रशने साफ होतं, परत बसवताना नळीचं तोंड गॅसच्या नोझलवर नीट बसलं पाहिजे.

डॅलसकर:
मावशी, झालं! टाकी उघडताना मधला नॉब चालूच राहिला होता माझा. रीसेट केल्यावर दोन बर्नर निळे झाले, डावा पिवळाच होता, त्यात खरंच जाळं निघालं. आता काटा ५२५ वर आहे, कणसं लावलीत.