फलाफल दिसायला छान, पण चव साबणासारखी

बाळीवेसकर:
फलाफलसाठी, म्हणजे चण्याच्या तळलेल्या अरबी वड्यांसाठी, पाव किलो काबुली चणे ओट्यावर 14 तास भिजवले. एक कांदा, 8 लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, 1 चमचा जिरेपूड, 1 चमचा मीठ घालून सगळं एकत्र वाटलं. गोळे फुटायला लागले म्हणून अर्धी वाटी बेसन घातलं. 1 चमचा सोडा घालून दोन तास झाकून ठेवलं आणि घाण्याच्या शेंगातेलात तळलं. रंग झकास, पण आत फिकं, मागून साबणासारखं कडवट आणि एकूण भजी खाल्ल्यासारखं. वाटताना आंबूस वासही येत होता. कुठं चुकतंय?

खलबत्ता:
साबणाची चव सोड्याची. एवढ्या चण्यांना पाव चहाचा चमचा पुरे, तोही तळायच्या दहा मिनिटं आधी. पिठात आंबट काही नाही, त्यामुळे जास्तीचा सोडा तसाच उरतो आणि जिभेवर येतो.

भज्याची चव बेसनाची. ते मुळात लागायलाच नको! गोळे फुटतात ते ओल्या चण्यांमुळे. निथळून अर्धा तास सुती कापडावर पसरा, वरचं पाणी पूर्ण सुकू द्या. मग चटणीच्या भांड्यात थांबून थांबून फिरवा. जाड रव्याएवढे कण दिसले पाहिजेत आणि मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे. टिकत नसेल तर थोडं आणखी फिरवा, पण गुळगुळीत वाटण झालं की फलाफल आतून दगड होतं. तयार मिश्रण तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग त्यात खायचा सोडा घाला.

मीठ दीड चमचा करा, चणे भिजून दुप्पट होतात. 2 चमचे जिरे आणि 3 चमचे धणे त्याच दिवशी भाजून कुटा. कोथिंबीर देठांसकट दोन मुठी. काळा मसाला मात्र नको, त्यात धणे-जिरं हरवतं.

भाकरीवाली:
आंबूस वास सोलापूरच्या उन्हाळ्याचा. पारा 40 च्या वर असताना ओट्यावर भिजवलेलं रात्रीत आंबतं. फ्रिजमध्ये 18 तास ठेवा, पाणी दोनदा बदला. बोअरच्या जड पाण्यात चणे नीट फुगत नाहीत, पिण्याचं पाणी घ्या. चणा नखानं मधोमध तोडून बघा, आत कोरडा पांढरा ठिपका दिसला तर अजून भिजायचाय. शिजवायचे मात्र अजिबात नाहीत, तेलात विरघळतील.

बाळीवेसकर:
कांदा आणि तेलाचं काय? सोबतची ताहिनीही (वाटलेल्या तिळाची चटणी) कडवट झाली होती.

खलबत्ता:
कांदा वाटून ठेवला की उग्र होतो, पाणीही सुटतं. बारीक चिरा, घट्ट पिळा, शेवटी मिसळा. घाण्याच्या तेलाचा वास शेंगाचटणीला शोभतो, इथे मसाल्यावर चढतो. रिफाइंड घ्या, 170 ते 175 अंशांवर 4 मिनिटं. आधी एकच गोळा तळून चाखा, मीठ तेव्हाच सुधारता येतं.

भाकरीवाली:
ताहिनीसाठी सोललेले तीळ घ्या. मंद आचेवर नुसता वास सुटेपर्यंत भाजा, बदामी झाले की कडू लागतात. लसूण ठेचून दहा मिनिटं लिंबाच्या रसात ठेवा, उग्रपणा जातो. रस घातल्यावर ताहिनी आवळून येते. घाबरू नका, गार पाणी चमचा-चमचा घालत फेटा, पुन्हा पांढरी आणि सैल होते.